घरटी एक माणूस

आमच्या गावात माणसं मोजायची पद्धत नव्हती, घरं मोजायची होती. उन्हाळ्यातल्या वायंगणाच्या भातासाठी ओढ्याला बंधारा घालायचा झाला, देवळाची कौलं परतायची झाली, शिमग्याच्या होळीचं झाड तोडून आणायचं झालं, की गावचा मुख्य मानकरी, गावकार, आदल्या संध्याकाळी वाडीवाडीतून ओरडत जायचा: घरटी एक माणूस. कोण आला हे कोणी विचारत नसे. बाप तापाने पडला तर मुलगा, मुलगा मुंबईला असला तर पुतण्या. घराने माणूस दिला की घर सुटलं. यात लहानपणी मला काही वावगं दिसलं नाही, आणि बंधाऱ्यापुरतं आजही दिसत नाही. माझा राग आहे तो हीच रीत सरकारच्या पलटणीला लावणाऱ्यांवर, आणि डोळे मिटून लावून घेणाऱ्या पलटणीवर. इतकी वर्षं झाली, तो निवला नाही. निवावा असं मला वाटतही नाही.

आम्ही तिघे भाऊ. थोरला दादा. मोठ्या लढाईत तो बसऱ्याला जाऊन आला होता. मधल्याला सगळे भाऊ म्हणत. धाकटा मी. आमच्या वाडीत शाळेची पायरी पहिल्यांदा मी चढलो आणि पुढे बी. ए. झालो. हे मी मिरवण्यासाठी सांगतोय का? हो, मिरवण्यासाठीच. ज्याच्या बापाने जन्मभर सरकारी कागदावर अंगठा उठवला, त्याने एवढं मिरवलं तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

लढाई संपल्यावर दादाला पलटणीने घरी सोडलं, पण पुरतं सोडलं नाही. त्याचं नाव राखीवात ठेवलं. राखीवातल्या शिपायाने घरी राहावं, शेती करावी, थोडा भत्ता घ्यावा, वर्षातून एकदा छावणीत जाऊन बंदुकीचा हात ताजा करावा. आणि मुलखात दंगल उसळली किंवा समुद्रापार पलटण न्यायची झाली, की हाकेसरशी हजर व्हावं. ही हाक आमच्या खोऱ्यातल्या गावांत पोचवायचं आणि माणसं गोळा करून छावणीत नेऊन उभी करायचं काम एका पेन्शनर सुभेदाराकडे होतं. गडी उंचापुरा, मिशा पिळलेल्या, कलेक्टर गावाकडे आला की त्याच्या तंबूत याला खुर्ची. ती खुर्ची त्याला कशामुळे मिळायची तर याच्या खोऱ्यातला एकही राखीव कधी गैरहजर नसे.

कसा असेल? सुभेदाराने पलटणीतही घरटी एक माणूस चालू केला होता.

दादाला शेतीत गोडी नव्हती. बसरा पाहून आलेल्याला भाताच्या चोंढ्यात करमेना. तो मुंबईला गोदीत लागला. गोदीतला मुकादम वर्षाच्या वर्षाला छावणीसाठी रजा द्यायला बसला नव्हता. गेलास तर परत येऊ नको म्हणाला. दादाने सुभेदाराला विचारलं. सुभेदार म्हणाला, घरात आणखी एक आहे ना, तो येऊ दे. आमच्या बाबांनाही त्यात काही खटकलं नाही. बंधाऱ्याला जसा एक भाऊ नसला तर दुसरा, तसंच हे.

एकच अडचण होती. दादाच्या उजव्या गालावर बसऱ्यात भाजल्याचा काळा डाग होता आणि पलटणीच्या कागदात ओळखीची खूण म्हणून तो लिहिलेला होता. भाऊचा गाल स्वच्छ. मग सुभेदाराने आमच्याच पडवीत बसून बिब्बा तापवला. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की काय होतं हे कोकणात पोराटोरांना ठाऊक आहे. भाऊला खाली बसवलं, बाबांनी डोकं धरलं आणि गालावर बिब्बा लावला. तो उतला. भाऊचा अर्धा चेहरा सुजून डोळा झाकला, आठवडाभर त्याला भाकरी चावता येईना. जखम सुकली तेव्हा डाग दादाच्या डागापेक्षा जरा मोठाच पडला होता. सुभेदाराने तो दिव्याजवळ धरून पाहिला आणि चालेल म्हणाला. बैलाला डागतात तेव्हा निदान तो बैल आहे हे कबूल तरी करतात.

मी तेव्हा कॉलेजात होतो. सुट्टीत घरी आलो आणि विचारलं, तेव्हा आईने चुलीकडे तोंड करून सांगितलं की फणसावरून पडला. भाऊ कमी बोलणारा, दादासारखा गप्पिष्ट नव्हे. पण मी त्याच्याकडे पाहिलं की तो मान वळवून तो गाल भिंतीकडे करायचा. हे त्याने पुढे जन्मभर केलं.

खरी गोष्ट मला मुंबईत कळली. परीक्षा देऊन मी नोकरी शोधायला गेलो होतो आणि गावकऱ्यांच्या खोलीत दादाजवळ उतरलो होतो. त्याच सुमाराला गोदीत संप झाला. दादा संपात होता; नुसता होता असं नाही, पुढे होता. दगडफेक झाली, गोळीबाराच्या बातम्या उठल्या आणि शहरात लष्कर आणलं. एक दिवस सकाळी दादा आणि मी गोदीकडच्या रस्त्याने निघालो, तर नाक्यावर वाळूच्या पोत्यांआड शिपाई उभे. दादा एकदम थांबला आणि हसायला लागला. मला म्हणाला, "बघ रं, मी कसा ऐटीत उभा हाय."

मी पाहिलं. खाकी कपड्यांत, गालावर डाग, हातात संगीन लावलेली बंदूक, आमचा भाऊ.

दादाने तिथेच फुटपाथवर उभं राहून मला सगळं सांगितलं. आपण सुभेदाराला कसं पटवलं, छावणीत भाऊ आपल्या नावाला कसा हजेरी देतो, आणि आता तर आपल्यापेक्षा त्याचा नेम चांगला झालाय. त्याला ही मोठी गंमत वाटत होती. माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती, पण मी काही म्हणायच्या आत तो खोलीकडे पळाला आणि फडक्यात भाकरी नि सुकटाची चटणी बांधून घेऊन आला. भावाला घरची भाकरी द्यायची म्हणून हा माणूस थेट संगिनींच्या रांगेकडे चालत गेला.

हवालदाराने हटकलं. दादा पुढेच. हवालदार भाऊवर ओरडला की बघतोस काय, हटव त्याला. भाऊने बंदूक आडवी केली आणि दस्त्याने दादाच्या छातीवर रेटा दिला. दादा मागे कोलमडला, भाकरी रस्त्यावर पडली. दादाच्या नावाने उभ्या असलेल्या शिपायाने दादालाच ढकललं होतं. दादा कपडे झटकत परत आला तेव्हाही हसत होता, मात्र त्या हसण्यात आता जीव नव्हता. रात्री खोलीत त्याने कोणालातरी सांगितलं की पोलिसाचा धक्का बसला.

त्या दिवसापासून मी दोघांशीही भांडत आलो. दादा म्हणायचा, घरचा भत्ता घरात येतो, तुझी फी त्यातूनच गेली. हे खरं होतं आणि म्हणूनच मला जास्त चीड यायची. माझ्या पुस्तकांसाठी भाऊचा गाल जळला होता, आणि तो मला विचारून कोणी जाळलेला नव्हता. भाऊला म्हटलं की तू नाही म्हण. तो म्हणायचा, दादा थोरला, मी नाय कसा म्हणू? सुभेदाराला मी रत्नागिरीच्या बाजारात गाठून चार लोकांत विचारलं की हा कोणत्या पलटणीचा कायदा. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि लोकांकडे बघून म्हणाला, "चार बुकं शिकला. आता बापालाच उभा-आडवा घेईल." लोक हसले. लोक अशा वेळी नेहमी मिशीच्या बाजूने हसतात.

पुढे मला रत्नागिरीत हायस्कुलात मास्तरकी मिळाली. भाऊचं लग्न झालं. दादाची दोन बोटं गोदीत पेटीखाली सापडून गेली, तरी मुकादमाने त्याला हलक्या कामावर ठेवलं. आणि एका वर्षी, भातं झोडून झाली होती, सुभेदार हाक घेऊन आला. सरकारला चीनकडच्या कुठल्याशा बंदरात पलटण पाठवायची होती. राखीवातल्या माणसांनी छावणीत हजर व्हावं, तिथून बोटीवर.

भाऊ चालत रत्नागिरीला आला आणि शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. मी वर्ग सोडून बाहेर गेलो. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. त्याने फार काही सांगितलं नाही. जायला तो भीत नव्हता हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. तो एवढंच म्हणाला, "मी तिथं मेलो तर दादा मेला म्हणून येईल. मग माझ्या बायकोनं कुणाच्या नावानं रडायचं?"

एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

त्याच शनिवारी मी त्याच्याबरोबर गावी गेलो. दादालाही मुंबईहून बोलावून घेतलं होतं. देवळाच्या सभामंडपात गाव बसला. गावकाराचं म्हणणं सोपं होतं: घराने माणूस द्यायचा, तो कोणता हे घराने ठरवायचं. सुभेदार म्हणाला, दादा दोन बोटांनी उणा, त्याला डॉक्टर परत पाठवणार, म्हणजे खोऱ्याची संख्या मोडणार. शिवाय भाऊ कवायत शिकलेला, तयार. काही बरंवाईट झालंच तर पेन्शन घरातच येणार, मग ती कोणाच्या नावाने आली म्हणून काय बिघडलं? त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं की सगळ्यांना पटलं. बाबासुद्धा मान हलवत होते.

मी उठलो आणि बोललो. पाऊण तास बोललो असेन. कायदा सांगितला, गुन्हा काय ते सांगितलं, बिब्ब्याचं सगळ्यांसमोर काढलं. उपयोग शून्य. मी बी. ए. झालो होतो, पण मंडपात माझं घर एकच होतं आणि त्याच्या वतीने बाबा आधीच बोलून चुकले होते.

बोलली ती वैनी, दादाची बायको. बायका मंडपाबाहेर बसल्या होत्या, तिथूनच ती उठून पायरीशी आली. कपाळाला हात लावून सुभेदाराला म्हणाली, "मामांनू, माझा घो जिता हाय. माझं कुंकू तुमच्या कागदावर पुसू नका." सुभेदाराने तिला घरात जायला सांगितलं. ती गेली नाही. दादा मात्र खाली मान घालून फरशीवरची भेग नखाने कोरत बसला. तो एकदा जरी म्हणाला असता की नाव माझं आहे, मी जातो, परत पाठवतील तर पाठवू देत, तर पुढचं काही झालं नसतं. तो बोलला नाही. लाडका भाऊ होता माझा, पण त्या बसण्याची मला आजही शिसारी येते.

ठरलं ते ठरलं. भाऊने निघायचं.

मी शाळेतून रजा काढली आणि मोटारीने आंबा घाट चढून त्याच्याबरोबर छावणीत गेलो. संध्याकाळी साहेबाला भेटायची परवानगी मिळवली. साहेब इंग्रज, वयाने माझ्याएवढाच. मी त्याला इंग्रजीत सगळं पहिल्यापासून सांगितलं: हा माणूस तो नव्हे, याला याच्या स्वतःच्या नावाने घ्या, हा आनंदाने येईल, त्याच्या बायकोचं नाव कागदावर लिहा. माझं इंग्रजी त्या दिवशी फार चांगलं झालं. साहेबही तेच म्हणाला. कोणत्या कॉलेजात शिकलात असं विचारलं. मग म्हणाला की माझ्याकडे कागदावर एक नाव आहे, त्या नावापुढे गालावरचा डाग आहे, आणि गालावर डाग असलेला, कवायत शिकलेला शिपाई बाहेर उभा आहे. बोट थांबणार नाही. घरातले तंटे घरात मिटवावेत.

तेव्हा मला कळलं की हा साहेब आणि आमचा गावकार यांच्यात टोपीपलीकडे फरक नाही. त्यालाही घरटी एक माणूसच हवा होता. घर तेवढं मोठं, बादशहाचं, जुन्या राणीच्या नातवाचं. तिथून बाहेर पडलो तेव्हा माझं तोंड पाहून पहाऱ्यावरच्या शिपायाने मला पाणी विचारलं. भाऊला मी साहेबाचं उत्तर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि बरं म्हणाला.

सकाळी मैदानावर हजेरी झाली. मी तारेच्या कुंपणाबाहेर उभा होतो. साहेब, त्याच्या बाजूला आमचा सुभेदार, आपल्या खोऱ्याची माणसं पुरी भरल्याचं समाधान तोंडावर. हवालदार नाव पुकारायचा, रांगेतून हाजिर असा आवाज यायचा. दादाचं नाव आलं. रांगेतून आवाज आला नाही. हवालदाराने पुन्हा पुकारलं. सुभेदार टाचा उंच करून पाहू लागला.

भाऊ एक पाऊल पुढे आला. सलाम ठोकला. त्याने आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हणाला, "पुकारलं तो माझा भाऊ, तो मुंबईला हाय. माझ्या नावानं घ्या, आता बोटीवर चढतो. त्याच्या नावानं नाय."

मी कुंपणाची तार इतकी घट्ट धरली होती की तळहात फाटला, ते नंतर कळलं. साहेबाला आता ऐकलं नाही असं म्हणता येईना; साऱ्या रांगेसमोर झालं होतं. त्याने सुभेदाराकडे पाहिलं. आणि सुभेदार, ज्याने स्वतःच्या हाताने बिब्बा तापवला होता, तो छाती काढून म्हणाला की साहेब, मला यातलं काही ठाऊक नाही, या घराने मला फसवलं.

भाऊला तिथूनच कोठडीत नेलं. दुसऱ्याच्या नावाने नोकरी केली म्हणून काही महिन्यांची सजा झाली. दादाचं नाव राखीवातून काढलं, भत्ता गेला. सुभेदाराची खुर्ची होती तिथेच राहिली. साहेबाचं काय व्हायचं? काहीच नाही. मी वरच्या साहेबांकडे अर्ज केले, उत्तर म्हणून पोच आली. त्याच रांगेत आमच्या खोऱ्यातले आणखी दोघे बिब्ब्याचे डाग घेऊन उभे होते. ते गप्प राहिले आणि बोटीवर चढले. त्यांतला एक परत आला. दुसरा तापाने तिकडेच गेला. त्याचा थोरला भाऊ, ज्याच्या नावाने तो मेला, पुढे पुष्कळ वर्षं आमच्याच रस्त्याने गुरं घेऊन जायचा. सरकारच्या हिशेबी तो मेलेला होता. धाकट्याच्या बायकोला कोणी काही दिलं नाही, आणि ती माहेरी निघून गेली. सुभेदाराला मी ही गोष्ट तोंडावर सांगितली, तर तो म्हणाला, नशीब एकेकाचं.

भाऊ सुटून आला तेव्हा मुलगी रांगायला लागली होती. बाबा त्याच्याशी बोलेनात. गावात म्हणायचे की याने घराण्याचं नाक कापलं, तुरुंग दाखवला. पंधरा दिवस भाऊ वाडीच्या टोकाला आमच्याच जागेत चिरे रचत होता. कौलं चढवली, चूल घातली आणि बायकोपोरीला घेऊन तिकडे राहायला गेला. भांडण नाही, वाटणी मागितली नाही. आईने जाताना दिलेलं पितळेचं तपेलं तेवढं घेतलं.

मार्गशीर्षात बंधारा आला. मी रविवार म्हणून गावी होतो. ओढ्याच्या काठावर माणसं जमली आणि गावकार घरं मोजू लागला. आमच्या घराच्या नावाशी येऊन त्याने नेहमीसारखी भाऊकडे मान हलवली आणि पुढे सरकला. सुभेदारही तिथे होता, दगडावर बसून विडी ओढत.

"थांबा," भाऊ म्हणाला. "मी माझ्या घरचा. दादाच्या घरचा माणूस दादाकडं मागा."

गावकार थांबला. म्हणाला, अरे, घर एकच तुमचं. भाऊने वाडीच्या टोकाकडे बोट केलं. तिथे नव्या कौलांतून धूर निघत होता. चूल दोन, घर दोन, हे गावकाराला नाकारता येईना, त्याचीच रीत. त्याने पुन्हा मोजलं. एक माणूस कमी पडला; दादा तर मुंबईला. सगळे बाबांकडे पाहू लागले. बाबा सत्तरीला आलेले. ते उठले, धोतर खोचलं आणि काठी टेकत पाण्यात उतरले.

मला धावत जाऊन त्यांच्या हातातला दगड घ्यावासा वाटला. मी नाही घेतला. भाऊनेही नाही घेतला. तो आपल्या वाट्याचा दगड उचलून पाण्यात चालत गेला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा डागाचा गाल त्याने सुभेदाराच्या बाजूला ठेवला होता.